उसना भरवसा

लेसरने चष्मा घालवावा की नाही, यावर जळगाव जिल्ह्यातल्या पहूर-जामनेरकडे दोनच उत्तरे मिळतात. ‘दहा मिनिटांचं काम आहे, करून टाक’ हे एक, आणि ‘डोळ्याशी खेळ नको’ हे दुसरे. पहिले उत्तर देणाऱ्याच्या आजीचा मोतीबिंदू शिबिरात निघालेला असतो. दुसरे देणाऱ्याच्या ओळखीत कोणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर गेलेला असतो. दोघेही छातीठोकपणे बोलतात, पण बहुधा दोघांच्याही मनात लेसर नसून मोतीबिंदूच असतो. माझे म्हणणे असे, की लेसरचा निर्णय बिघडतो तो माहिती नसल्याने कमी आणि या उसन्या अनुभवाने जास्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशनने काही पिढ्यांत कमावलेला भरवसा आपण लेसरला जसाच्या तसा देऊन टाकतो. मोतीबिंदू ज्या कसोटीला उतरला ती कसोटी मात्र लेसरला लावत नाही. ती लावायची तर ‘सुरक्षित आहे का?’ हा घोळवून गुळगुळीत झालेला प्रश्न बाजूला ठेवावा लागतो आणि विचारावे लागते, की कोणत्या डोळ्यावर, कोणत्या कामासाठी आणि किती वर्षांसाठी.

दोन ऑपरेशने, दोन हिशेब

मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होते. गढूळ भिंगापुढे कितीही चांगला चष्मा लावला तरी उपयोग नसतो, आणि ते तसेच राहू दिले तर दिसणे कमी होत होत थांबते. ऑपरेशन न करण्याची किंमत आधीच ठाऊक असते आणि ती मोठी असते. भारताने १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो याच हिशेबावर. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी हे काम शिबिरांतून दूरदूरच्या माणसांपर्यंत नेले. जळगावात तर आता कांताई नेत्रालयासारखे केवळ डोळ्यांसाठीचे रुग्णालय आहे. कोणाचा तरी हात धरून गेलेली म्हातारी माणसे आपल्या पायांनी घरी आली, हे गावांनी पाहिले आहे. भरवसा असाच बसतो आणि तो रास्त आहे.

लेसरचा उमेदवार मात्र चष्मा लावून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत असतो. त्याचे भिंग स्वच्छ, पडदा ठीक, बुबुळ निरोगी. त्याने काहीच केले नाही तर डोळ्याचे काहीच बिघडत नाही. न करण्याची वैद्यकीय किंमत इथे शून्य आहे. म्हणून करण्याची किंमत, मग ती फार थोड्यांनाच मोजावी लागत असली तरी, त्या शून्याशी ताडून पाहावी लागते. मोतीबिंदूत थोड्यांना त्रास झाला तरी बाकीचे अंधत्वातून सुटलेले असतात. लेसरमध्ये बाकीचे सुटतात ते चष्म्यातून. चष्म्यातून सुटणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मी म्हणत नाही, पण दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

विम्याच्या कागदांनी हा फरक आपल्याआधी ओळखला आहे. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाण अपवादांत ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च विमा कंपनीला नाकारता येतो. मोतीबिंदूचा खर्च मात्र त्याच पॉलिसीत ठरावीक काळ थांबल्यावर मिळू शकतो. विमा कंपन्यांच्या शहाणपणावर माझी फार श्रद्धा नाही, पण कशाला उपचार म्हणायचे आणि कशाला हौस, एवढे त्यांना कळते.

बुबुळातली शिल्लक

लेसरचे ऑपरेशन नेमके काय करते? मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल ब्लम व जेम्स विन यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर मारून पाहिला. कडा न जळता, न करपता, मांसाचा नेमका तेवढाच थर उडून गेला. बुबुळाचा आकार बदलला की नंबर बदलतो, हे बोगोटातले होसे बाराकेर त्याच्या कितीतरी आधीपासून दाखवत होते. १९९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या: बुबुळाच्या वरच्या थराची एक झडप उचलायची, आतला भाग लेसरने घडवायचा आणि झडप परत बसवायची. हीच लॅसिक.

‘घडवायचा’ म्हणजे कमी करायचा. बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, मध्यभागी साधारण ५२० ते ५४० मायक्रॉन जाड असतो. अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. ही माणसाची जन्माची शिल्लक आहे. तीत भर पडत नाही, खर्च तेवढा होतो. खर्चाचा हिशेबही कोणाला करता येईल इतका सोपा आहे. लेसर जेवढ्या रुंदीवर चालवायचा त्या रुंदीचा मिलिमीटरमधला वर्ग करा, नंबराने गुणा आणि ३ ने भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येते. रुंदी ६.५ मिलिमीटर धरली तर एका नंबराला सुमारे १४ मायक्रॉन लागतात.

आता दोन माणसे घ्या. एकाचा नंबर उणे ५, बुबुळ ५३० मायक्रॉन. झडपेचे ११० आणि लेसरचे ७० वजा केले की खाली ३५० उरतात. दुसऱ्याचा नंबर उणे ९, बुबुळ ५००. झडपेचे ११०, लेसरचे १२७, उरले २६३. खाली किमान २५० मायक्रॉन राहिले पाहिजेत हा जुना दंडक आहे आणि बरेच डॉक्टर आता २८० ते ३०० च्या खाली जात नाहीत. झडप धरून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भाग बदलला गेला तर पुढे बुबुळ फुगून बाहेर येण्याचा धोका वाढतो, असेही आता मानले जाते. पहिल्या माणसाचा आकडा ३४ टक्के येतो, दुसऱ्याचा ४७. ऑपरेशन तेच, यंत्र तेच, डॉक्टर तोच; तरी एकाला ‘हो’ म्हणायला जागा आहे आणि दुसऱ्याला नाही. म्हणून ‘माझ्या मित्राने केलं, मस्त दिसतं’ या वाक्यात मित्राच्या बुबुळाची जाडी आल्याशिवाय ते निरर्थक आहे.

या सूत्रात आणखी एक मेख आहे. रुंदी वाढवली तर रात्री दिव्याभोवती दिसणारी वलये कमी होण्याची शक्यता असते, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि अरुंद पट्ट्याच्या कडेवरून प्रकाश आत शिरतो. पण ६.५ ची रुंदी ७ केली की एका नंबराला १४ ऐवजी १६ मायक्रॉन जातात. रात्रीची नजर आणि बुबुळाची ताकद यांच्यात ही देवाणघेवाण आहे. जळगाव–संभाजीनगर रस्त्यावर रात्री गाडी हाकणाऱ्या माणसाने ती समजून घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

झडप नसलेले प्रकारही आहेत. पीआरकेत वरचा नाजूक थर खरवडून लेसर मारतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर स्थिरावायला वेळ लागतो, पण झडप सरकण्याची भीती नसते. स्माइलमध्ये बारीक छेदातून आतली चकती काढून घेतात. फार मोठ्या नंबराला बुबुळाला फारसा हात न लावता आत भिंग बसवण्याचा, आयसीएलचा, मार्ग आहे. तो महाग आहे आणि त्याचे धोके वेगळे आहेत. रुग्णालयांच्या दरपत्रकांत या नावांना पुढे-मागे आणखी विशेषणे चिकटलेली असतात. ती विशेषणे मी वाचत नाही.

नंबर जातो, लांबी राहते

उणे नंबराचा डोळा बहुतेक वेळा लांब असतो. सर्वसाधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटरचा; त्यात एका मिलिमीटरची वाढ झाली की साधारण अडीच-तीन नंबर वाढतो. लेसर पुढचे बुबुळ चपटे करतो आणि प्रतिमा पडद्यावर आणून ठेवतो. मागे ताणलेला पडदा होता तिथेच आणि तसाच ताणलेला राहतो. मोठ्या उणे नंबराच्या माणसाला पडदा फाटण्याचा, सरकण्याचा आणि काचबिंदूचा जो जास्तीचा धोका असतो, तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवढा होता तेवढाच दुसऱ्या दिवशीही असतो.

पण वागणे बदलते. चष्मा होता तोवर दीड-दोन वर्षांनी का होईना, माणूस तपासणीला जात होता. चष्मा गेला की डोळ्यांचा डॉक्टरही आयुष्यातून जातो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे झाले, काळ्या माश्या उडू लागल्या तरी ‘माझं तर लेसर झालंय’ म्हणून तो गप्प बसतो. पडदा सरकताना गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

पुढे आणखी दोन गुंते होतात. डोळ्यातला दाब मोजणारे यंत्र बुबुळ दाबून पाहते. बुबुळ पातळ झाले की आकडा खराखुरा असतो त्याहून कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. आणि साठीनंतर याच माणसाला मोतीबिंदू होईल तेव्हा आत कोणत्या ताकदीचे भिंग बसवायचे याचे गणित बुबुळाच्या वक्रतेवरून करतात. लेसरने ती बदललेली असल्याने नेहमीचे गणित चुकते आणि नको असलेला प्लस नंबर पदरात पडतो. नव्या सूत्रांनी ही चूक बरीच आवरली आहे, तरी ऑपरेशनपूर्वीचा नंबर, वक्रता आणि जाडी यांचे कागद जवळ असले तर त्या वेळच्या डॉक्टरचे काम सोपे होते. सातबारा पन्नास वर्षे जपणाऱ्या घरात डोळ्यांची फाइल पाच वर्षे टिकत नाही, हे मी पाहतो. मूळ कागद मागून घ्यावेत आणि सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवावेत.

पंच्याण्णव टक्के समाधानी

लेसरच्या बाजूने सगळ्यात जड आकडा समाधानाचा आहे, आणि तो खरा आहे. जगभरच्या पाहण्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक समाधानी असल्याचे सांगतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने लष्कर आणि संशोधन संस्थेबरोबर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राउल अभ्यासांतही हेच दिसले.

पण त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट आहे. ऑपरेशनपूर्वी ज्यांना वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा असा कोणताच त्रास नव्हता, त्यांतल्या ४३ ते ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी असा एखादा तरी नवा त्रास सांगितला. डोळे कोरडे नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तीन महिन्यांनी कोरडेपणाची लक्षणे होती. वलये-चकाकीसारख्या त्रासामुळे रोजची कामे फारच अवघड झाली असे म्हणणारे १ टक्क्याहून कमी होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स असताना ज्यांना असे त्रास होते त्यांतल्या अनेकांचे ते गेले.

हे आकडे एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते, पण तसे नाही. माणूस समाधानी आहे का, हा एक प्रश्न. त्याच्या डोळ्याला आधी नसलेला त्रास आता आहे का, हा दुसरा. चष्मा सुटल्याच्या आनंदात थोडी वलये माणूस सहज पचवतो. मात्र जो पचवू शकत नाही, त्याच्यासाठी ते आकडे निरुपयोगी असतात. बुबुळातल्या नसा झडप उचलताना कापल्या जातात. त्या परत वाढायला कित्येक महिने लागतात आणि थोड्यांच्या बाबतीत डोळ्याची जळजळ, टोचणी घर करून बसते. हा धोका दुर्मिळ आहे. दुर्मिळ गोष्ट ज्याच्या वाट्याला येते त्याला ती शंभर टक्के येते, हेही खरे; पण केवळ एवढ्यावर मी कोणाला अडवणार नाही. ‘९५ टक्के समाधानी’ हे वाक्य ऐकून पुढचे प्रश्न विचारणे बंद करू नका, एवढेच.

आपल्याकडचा डोळा

वरचे बहुतेक आकडे अमेरिकेतले. खानदेशातल्या डोळ्याची परिस्थिती वेगळी आहे.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी, कापसाचा आणि रस्त्यांच्या कामांचा धुरळा. अशा हवेत डोळ्यांची ॲलर्जी लहानपणापासून असते आणि मुले डोळे चोळतात. मुठीने, जोर लावून, वर्षानुवर्षे. डोळे चोळणे आणि केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, यांचा जवळचा संबंध आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तिशीपुढच्या लोकांत केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के निघाले. त्या पाहणीने केवळ बुबुळाच्या वक्रतेचा निकष लावला होता, त्यामुळे तो आकडा ढोबळ मानावा. तरी अमेरिकेतल्या एका जुन्या, बऱ्याच वेळा उद्धृत होणाऱ्या नोंदीत हे प्रमाण २,००० माणसांत एक एवढेच आहे. मोजण्याच्या पद्धतीतला फरक वजा केला तरी दरी मोठी राहते.

ज्याला हा विकार सौम्य, न दिसणाऱ्या स्वरूपात आहे त्याच्या बुबुळावर लेसर मारणे म्हणजे त्याची नजर धोक्यात घालणे. म्हणून बुबुळाचा पुढचा-मागचा नकाशा काढणारी तपासणी हे या सगळ्या निर्णयाचे खरे दार आहे. लहानपणी डोळे फार खाजायचे, दर वर्षी नंबर बदलतो, तिरपा नंबर वाढत चालला आहे, घरात कोणाला असा विकार आहे: यांतले एकही उत्तर ‘हो’ आले तर ते डॉक्टरने विचारायच्या आधी आपण सांगावे. किरकोळ वाटते म्हणून हेच सांगायचे राहते.

शेतीच्या कामाचा मुद्दा दुहेरी आहे. चष्मा शेतात अडचणीचा, हे मान्य. घामाने घसरतो, फवारणी करताना धुरकटतो. पण तोच चष्मा मक्याच्या पात्यापासून, उडत्या काडीपासून डोळा वाचवतो. काडी, पाने, काटा लागून डोळ्यात बुरशीचा जंतुसंसर्ग होणे हा भारतातल्या शेतकरी डोळ्याचा जुना शत्रू आहे. लॅसिकची झडप आपल्या मूळ ताकदीने पुन्हा कधीच चिकटत नाही; जोराचा मार लागून ती कित्येक वर्षांनी सरकल्याच्याही नोंदी आहेत. शेतात किंवा जिनिंगमध्ये काम करणाऱ्याने, कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्याने लेसर करू नये असा याचा अर्थ नाही. त्याने झडपेशिवायचा प्रकार विचारावा, आणि नंबर गेल्यावरही कामाच्या वेळी साधा संरक्षक चष्मा लावावा. नंबर घालवून चष्मा राहतोच, हे ऐकून कोणी हसेल; पण ते असेच आहे.

नोकरीसाठी डोळा

पहूरहून भुसावळ फार दूर नाही आणि रेल्वेच्या नोकरीचे आकर्षण या भागात जुने आहे. बारावीनंतर भरतीच्या मागे लागलेली मुले ‘चष्म्यामुळे नापास होऊ नये’ म्हणून लेसरचा विचार करतात, आणि इथेच सर्वांत क्रूर चूक होते. रेल्वेच्या इंजिन चालवणाऱ्या पदांसाठी जो सर्वांत कडक नेत्रवर्ग आहे, त्यात लॅसिक केलेला उमेदवार अपात्र ठरतो. बापाने कर्ज काढून मुलाचा नंबर घालवावा आणि तीच गोष्ट त्याला बाद करायला कारण व्हावी, असे होऊ शकते. सैन्यदलांत शाखेनुसार नियम निराळे आहेत. काही ठिकाणी चालते, पण ऑपरेशनच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ, डोळ्याची लांबी आणि उरलेली जाडी यांच्या अटींसह. नियम बदलतात, म्हणून मित्राचे ऐकू नये, चालू जाहिरातीतला वैद्यकीय परिच्छेद स्वतः वाचावा. ऑपरेशन लपवता येईल, असे सांगणारेही भेटतात. बुबुळाचा नकाशा ते लपू देत नाही.

शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाली एवढ्याने भागत नाही. निदान वर्षभर नंबर स्थिर असावा लागतो, आणि भरतीच्या वयातल्या अनेक मुलांचा तो नसतो.

चाळिशी कोणाला चुकत नाही

किती वर्षांसाठी, हा शेवटचा प्रश्न, आणि तो जवळजवळ कोणी विचारत नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे दिसेनासे होते. लेसर बुबुळावर चालतो, भिंगावर नाही. त्यामुळे पंचविशीत चष्मा सोडलेल्या माणसाला पंचेचाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच. पंचविशीतल्याला वीस वर्षे मिळतात. एकोणचाळिशीतल्याला मिळतात पाच-सहा, आणि पैसे तेवढेच.

त्यातही ज्याचा नंबर उणे अडीच आहे, त्याला चष्मा काढला की ४० सेंटिमीटरवरचे आपोआप स्वच्छ दिसते. निसर्गाने त्याला वाचायचा चष्मा फुकट दिलेला आहे. जळगावच्या सराफ बाजारात दिवसभर बारीक काम करणारा, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा असा माणूस चाळिशीत लेसर करून घेतो तेव्हा तो लांबची नजर विकत घेतो आणि पोटापाण्याची जवळची नजर देऊन टाकतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिलेल्यांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चष्म्याला आपण कमीपणाचे लक्षण मानतो. तो किती ताकदीचे अवजार आहे हे असे मोजल्यावर कळते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: मग कॉन्टॅक्ट लेन्स तरी कुठे सुरक्षित आहे? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. धुरळ्याच्या प्रदेशात, हात नीट न धुता, लेन्स लावूनच झोपणाऱ्या मुलाच्या डोळ्याला जंतुसंसर्गाचा जो धोका दर वर्षी असतो, तो वीस वर्षांत साचत जातो. लेसरचा धोका एकदाच पत्करायचा असतो. म्हणून ज्याला चष्मा चालणारच नाही आणि जो लेन्स निष्काळजीपणे वापरतो, त्याच्यासाठी लेसरची तुलना चष्म्याशी करू नये, लेन्सशी करावी. तशी केली की लेसरचे पारडे बरेच जड होते. वर मी ‘न करण्याची किंमत शून्य’ म्हटले ते चष्मा लावणाऱ्यापुरतेच खरे आहे.

दुसरा: डोळ्यांचे डॉक्टर स्वतः चष्मा लावतात, म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार. हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर छान वाटतो, पण पोकळ आहे. लेसर करणाऱ्या शल्यचिकित्सकांत स्वतःवर ते करून घेतलेल्यांचे प्रमाण सामान्य लोकांहून जास्त असल्याचे पाहण्यांत आढळले आहे. बाकीच्यांत कोणी चाळिशीपुढचा असतो, कोणाचे बुबुळ पातळ असते, कोणाला चष्म्याचे काही वाटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्याने जवळची नजर जपली तर त्यात रहस्य काही नाही.

तिसरा: मुलीचे लग्न. हा आक्षेप कोणी लिहून देत नाही, पण बैठकीत तोच बोलतो. परिचयपत्रात ‘चष्मा आहे’ लिहावे लागू नये म्हणून लग्नाच्या हंगामाआधी मुलीला तपासणीला नेतात. बरोबर आई, मामा, कधी होणारी सासूही. या निर्णयात डोळ्यांची मालकीण सर्वांत कमी बोलते. समाज असा आहे तर चष्मा घालवून तिचे भले होत असेल तर काय हरकत, असे विचारले जाते. हरकत अशी की स्थळ पाहायला येणाऱ्याचा एक दिवस आणि कोरड्या डोळ्यांची संभाव्य वर्षे यांचा सौदा इथे तिसराच माणूस करतो. वर लगेच लग्न, मग गरोदरपण, आणि त्या काळात नंबर हलतो, डोळेही कोरडे पडतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईवर हे ऑपरेशन करतच नाहीत. मुलीला स्वतःला चष्मा नको असेल तर तिने अवश्य करावे. तिला खोलीत एकटीला बसवून विचारणारा डॉक्टर मला यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

तपासणी एकीकडे, निर्णय दुसरीकडे

मोतीबिंदूच्या शिबिरात पैसे देणारा सहसा रुग्ण नसतो. लेसरमध्ये तो रुग्णच असतो, आणि दोन्ही डोळ्यांचे पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या पुढेही जातात. यंत्रे कोट्यवधींची, हप्ते चालू. तपासणी अनेकदा स्वस्त किंवा मोफत असते आणि सल्लागार शेवटी तारीख विचारतो. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. बहुतेक डॉक्टर पातळ बुबुळ दिसले की स्पष्ट नकार देतात. पण ज्याला ‘हो’ म्हणण्याचे पैसे मिळतात त्याचा ‘हो’ दुसऱ्याकडून पडताळून घ्यावा, एवढे तर आपण कापसाचा भाव ठरवतानाही करतो. नकाशाची प्रत घ्यावी, ती लेसर न करणाऱ्या एखाद्या नेत्रतज्ज्ञाला दाखवावी, आणि ऑपरेशनची तारीख त्यानंतर ठरवावी. आधी नकार देणारे रुग्णालय सोडून दुसरीकडे ‘हो’ मिळवायला जाऊ नये. नकार हाच त्या तपासणीचा सर्वांत मोलाचा निकाल असतो.

पुढच्या फेऱ्यांचा विचारही आधीच करावा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि नंतरही जावे लागते. थेंब महिनोन्‌महिने चालतात. पहूरहून जळगाव जवळ, संभाजीनगर लांब, पुणे तर रात्रभराचे. पुण्यात नोकरी करणाऱ्याने पुण्यात करून लगेच गावी कापूस वेचणीला येणे यासारखा मूर्खपणा नाही.

कोणाला हो

या सगळ्यातून एक माणूस उरतो आणि तो काल्पनिक नाही; असे बरेच आहेत. वय बावीस ते बत्तीस, नंबर उणे तीन ते सहा, दीड-दोन वर्षे हललेला नाही, बुबुळ जाड आणि नकाशा निर्दोष, डोळे खाजत नाहीत, कोरडे नाहीत, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू नाहीत, भरतीच्या नियमांची अडचण नाही. चष्मा त्याच्या कामात खरोखर आड येतो आणि पैसे कर्जाचे नाहीत. त्याला ‘डोळ्याशी खेळ नको’ म्हणून घाबरवणे हे ‘दहा मिनिटांचं काम’ म्हणून भरीस घालण्याइतकेच बेजबाबदार आहे. असा माणूस विचारायला आला तर मी त्याला मे महिना सोडून जा म्हणेन, आणि जाण्याआधी दोन आठवडे लेन्स काढून ठेव म्हणेन, कडक लेन्स असेल तर महिनाभर. नाहीतर बुबुळाचा नकाशा चुकीचा येतो आणि तपासणीची फेरी पुन्हा मारावी लागते.